टांगलेला उन्हाळा

त्या खोऱ्यात वर्षातले चार महिने ऊन येत नसे. दक्षिणेचा कडा इतका उंच होता की सूर्य एकदा कलला की कड्याच्या पाठीमागूनच निघून जाई आणि खाली भर दुपारीही काळोखी राहत असे. त्या चार महिन्यांना तिथले प्राणी सावली म्हणत. सावली पडली, सावली उठली, असेच बोलत. सावलीत ओढा गोठे, गवत काळे पडे, आणि अंगावर कितीही चरबी चढवलेली असली तरी ती शेवटपर्यंत पुरत नसे. विस्तव त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिला नव्हता.

तरीही खोरे वसलेले होते, ते धोंड्यामुळे.

उत्तरेच्या कड्याच्या पायथ्याशी थोरली गुहा होती. गुहेच्या तोंडाशी एक मोठा रहाट उभा होता. रहाटावरून निघालेला जाड वेलींचा दोर कड्याच्या माथ्यावर जाई, तिथल्या चाकावरून वळून पुन्हा खाली येई, आणि त्याच्या टोकाला धोंडा बांधलेला असे. उन्हाळाभर सगळे प्राणी आळीपाळीने रहाटाचा दांडा छातीने रेटत गोल चालत आणि धोंडा वर जाई. सावली पडली की तेच प्राणी दांडा धरून पाठीमागे चालत. मग धोंडा खाली येई, आणि त्याच्या वजनाने गुहेच्या जमिनीखाली बसवलेल्या दोन दगडी पाळ्या जात्यासारख्या एकमेकींवर घासत. घासून त्या तापत, आणि वरची जमीन कोमट होई. दिवसाला एक हात धोंडा सोडला की सगळ्यांना पुरेल एवढी ऊब मिळे.

म्हातारे पिल्लांना सांगत, ‘ऊन गवतात उतरतं. गवत पोटात जातं, पोटातून खांद्यात येतं, खांद्यातून दोरात. वर टांगलाय तो दगड नाही, उन्हाळा आहे.’

कड्यावर दगडाचा एक तांबडा पट्टा होता. उन्हाळा संपता संपता धोंडा त्या पट्ट्याला लागे, आणि सावली उठे त्या सुमारास तो जमिनीवर टेकलेला असे. त्या दिवशी पिल्ले त्याच्यावर चढून बसत. दोर सैल पडलेला असे, रहाट मोकळा फिरे, आणि पांडबा आपली हत्यारे घेऊन येई.

पांडबा हे खवल्या मांजर होते. त्याच्या नख्यांसारख्या नख्या खोऱ्यात कुणाच्या नव्हत्या, म्हणून सुतारकाम त्याच्याकडे होते. रहाटाच्या बुंध्याशी लाकडाची एक दातेरी चक्री होती. धोंडा वर जाताना एकेका दात्यामागे एक जाड लाकडी जीभ टकटक पडत जाई आणि चक्रीला उलटे फिरू देत नसे. सगळे जेवायला गेले, निजले, तरी ती जीभ धोंडा धरून राही. तिला खायला लागत नसे की झोप लागत नसे. वर्षभराच्या ओझ्याने चक्रीचे दाते मात्र झिजत, म्हणून धोंडा जमिनीवर असताना पांडबा जुनी चक्री काढून नवी बसवी.

जीभ उचलण्याचे आणि पाडण्याचे काम धुरपा नावाच्या साळिंदरणीचे होते. तिच्या आईचेही तेच काम होते. प्राणी मागे चालू लागले की धुरपा एका दात्यापुरती जीभ उचले आणि लगेच पाडे. तिची नजर अधू झाली होती, पण कान तिखट होते. रहाट बरा आहे की नाही हे ती आवाजावरून सांगे.

एका वर्षी सावली वेळेवर उठलीच नाही. धोंडा जमिनीला टेकला, आणि त्यानंतर एकोणीस दिवस ऊन आले नाही. जमीन गार पडली. प्राणी गुहेत एकमेकांना चिकटून बसले. कडेला होते ते आधी गेले. एकोणिसाव्या दिवसापर्यंत अकरा जण गेले होते. त्यांत हैबतीची जोडीण सगुणा होती.

हैबती हा गवा होता. रहाटावरचा सगळ्यात मोठा खांदा त्याचा. सगुणा गारठू लागली तेव्हा तो बाहेर गेला आणि जमिनीवर पडलेल्या धोंड्याला शिंगे लावून रेटत राहिला. धोंडा तसूभर हलला नाही. हलला असता तरी काही उपयोग नव्हता, हे त्यालाही कळत होते. तो परत आला तेव्हा तिचे डोळे उघडेच होते.

ऊन आल्यावर प्राण्यांनी त्यालाच मुख्य केले. तो एवढेच बोलला, ‘यापुढं धोंडा जमिनीला टेकलेला मला दिसता कामा नये.’

त्याच्या या बोलण्याला कुणी हरकत घेतली नाही. त्या उन्हाळ्यात धोंड्याला दुसरा तेवढाच धोंडा जोडला गेला. प्राणी दुप्पट चालले. धोंडा तांबड्या पट्ट्याच्या वर गेला, आणखी वर गेला. सावली पडल्यावर हैबतीने दिवसाला पावच हात सोडायला लावला. जमीन जेमतेम कोमट राही, सगळे कुडकुडत, पण कुणी मेले नाही. ऊन आले तेव्हा धोंडा अजून कड्याच्या मध्यावर लटकत होता. सगळे बाहेर येऊन माना वर करून त्याच्याकडे पाहत राहिले. इतकी शिल्लक कुणी कधी पाहिली नव्हती.

पांडबा तेवढा नवी चक्री खांद्यावर घेऊन रहाटाशी उभा होता.

‘ही बसवायची कशी?’ त्याने विचारले. ‘रहाटावर भार आहे.’

‘या वर्षी जुनीच चालेल,’ हैबती म्हणाला. ‘पुढच्या वर्षी बघू.’

पांडबाने नवी चक्री गुहेच्या भिंतीला टेकवून ठेवली.

धुरपाला तो आवाज ऐकू आला दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर. धोंडा मध्यापासून वर चालला होता. प्राणी दांडा रेटत होते, जीभ पडत होती, टक, टक, टक, आणि मग एका दात्याला ती टक न म्हणता कण्हल्यासारखी वाजली. धुरपाने कान टवकारले. रहाटाचा फेरा पुरा झाला, तोच दाता आला, तोच आवाज झाला. तिच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहिले.

दुपारी सगळे चरायला गेले तेव्हा तिने पांडबाला बोलावले. तो चक्रीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने अंगाचे वेटोळे केले होते. घाबरला की तो असाच गुंडाळून घेई. 

वेटोळ्यातून आवाज आला, ‘एका दात्याच्या बुडापासून पार मधल्या भोकापर्यंत तडा गेलाय. लाकडाच्या रेषेरेषेनं गेलाय. त्यात माझं नख मावतं.’

‘बुजवता येईल?’

‘नाही. चक्री बदलायला पाहिजे. आणि धोंडा खाली आणल्याशिवाय ती निघत नाही.’

ती दोघे हैबतीकडे गेली. हैबती रहाटापाशी आला, गुडघे टेकून त्याने मान आत घातली आणि तडा पाहिला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. मग त्याने हळूच मान बाहेर काढली आणि वर पाहिले. धोंडा बरोबर गुहेच्या माथ्यावर होता. गुहेत त्या वेळी सतरा पिल्ले निजलेली होती.

‘अजून कुणाला ठाऊक आहे?’ त्याने विचारले.

‘आम्हा दोघांनाच.’

‘मग तिसऱ्याला कळू द्यायचं नाही.’

धुरपा म्हणाली, ‘हैबती, उन्हाचे दिवस आहेत. सगळ्यांच्या अंगात ताकद आहे. आत्ता हळूहळू मागं चालत खाली आणू. आठ दिवसांत टेकेल. चक्री बदलू आणि पुन्हा चढवू.’

‘आणि चढवून होण्याआधी सावली पडली तर?’

 उन्हाळा अर्धा सरला होता. तिने मनातल्या मनात हिशेब घातला, तो कधी जमे, कधी न जमे.

‘दोन उन्हाळे आहेत त्याच्यात,’ हैबती म्हणाला. ‘आपण सगळ्यांनी हाडं झिजवलीत. तो खाली उतरवताना ऐन उन्हात जमीन तापणार, कुणाच्या कामाला येणार ती ऊब? तू सगुणाला पाहिलं होतंस. तुझ्याच शेजारी होती ती.’

‘होती,’ धुरपा म्हणाली.

‘मग झालं तर.’

पांडबाने तडा गेलेल्या दात्याभोवती ओल्या वेलींचे सात वेढे घातले. वाळल्यावर ते आवळून बसले. आवाज कमी झाला. धुरपाला मात्र तो ऐकू येतच राहिला, आणि जेव्हा येत नसे तेव्हा ती त्याची वाट पाहत असे.

गुपित तिघांतच राहिले, पण भीती राहिली नाही. हैबती गुहेत शिरताना थबकतो, एकदा वर बघतो आणि मग घाईने आत जातो, हे आधी गोजरीने टिपले. गोजरी ही भेकर. धोका दिसला की भुंकून सगळ्यांना जागे करायचे हे तिच्या जातीचे काम. तिने वर पाहिले, तिला काही दिसले नाही, पण ती भुंकली. त्या दिवसापासून सगळेच वर पाहू लागले. पाणी पिताना, पिल्लांना पाजताना, शेंगा सोलताना मधेच एखाद्याची मान वर जाई आणि मग शेजारच्याचीही. काय पाहतोय, असे कुणी कुणाला विचारत नसे. दोर वाऱ्याने करकरला तरी गुहा रिकामी होई आणि मग एकेक जण, आपण दुसऱ्याच कामाला बाहेर आलो होतो असे दाखवत, परत आत येई. दुसरीकडे जावे असे कुणाच्या मनात आले नाही. तापणारी जमीन तेवढीच होती.

भीती वाढली तसा धोंडा अधिकच वर गेला. जितका उंच, तितकी सावली लांबण्याची चिंता कमी, असे हैबती म्हणे. आणि जितका उंच, तितका तो लहान दिसे. ते सगळ्यांना बरे वाटे.

सावली पडली. पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे प्राणी दांड्याला येऊन उभे राहिले, तोंडे दांड्याकडे, पाय मागे टाकायला तयार. धुरपाने जिभेला पंजा लावला.  उलटा भार घेताना तो दाता टिकेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

हैबती पुढे आला. ‘आज नको. आज काही तशी थंडी नाही. पुढं वाईट दिवस येतील तेव्हा लागेल.’

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. धुरपानेही सोडला. नंतर कितीतरी दिवस तिला त्या श्वासाची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. दहाव्या दिवशी ओढा गोठला. बाराव्या दिवशी रानडुकरीण आपले पिल्लू हैबतीकडे घेऊन आली आणि म्हणाली, ‘याचे पाय निळे पडलेत. आजच्या दिवस पाव हात सोडा.’

हैबतीने पिल्लाला हुंगले. ‘दांड्याला लावा त्याला,’ तो म्हणाला. ‘चाललं की अंग तापतं.’

ते खरे होते. पिल्लू दांड्याला लागले, त्याची आईही लागली, दहा फेऱ्यांत दोघांच्या अंगातून वाफा निघू लागल्या. ते पाहून अस्वल उठले, ससे उठले, गोजरीही उठली. दुपारपर्यंत गुहेत कुणी उरले नाही. सगळे रहाट फिरवत होते आणि सगळ्यांना ऊब येत होती. धोंडा वर चालला होता.

मग रोजच तसे होऊ लागले. सकाळी गारठलेली अंगे दांड्याला लागत, घामेजून सुटत, पुन्हा गारठत, पुन्हा लागत. जमीन बर्फासारखी थंड होती. उन्हाळ्यात अंगावर चढवलेली चरबी महिन्याभरात उतरली. अस्वलाची कातडी लोंबू लागली. सशांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. एका सकाळी म्हातारा ससा दांड्याला टेकून चालता चालता मेला, आणि दांड्याबरोबर दोन फेरे तसाच फिरला. मागून चालणाऱ्यांना वाटले, चालतोय.

त्या दिवशी धुरपाने जिभेवरचा पंजा काढला आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. ‘थांबा,’ ती म्हणाली. ‘सांगायचंय ते आजच सांगते. चक्रीला तडा आहे. उन्हाळ्यापासून आहे. दर दात्याला तो वाढतोय, मला ऐकू येतंय. धोंडा आता वर नेऊ नका. पिल्लांना घेऊन ओढ्यापलीकडं जा. तुमच्यातले चौघे फक्त थांबा. आम्ही मागं चालत तो खाली आणतो. खाली येईल तशी जमीन तापेल. संध्याकाळपर्यंत तुम्ही उबेत असाल.’

कुणी हलले नाही. ओढ्यापलीकडे वारा होता. गोजरीने विचारले, ‘आणि मागं चालताना तुटली तर?’

‘पुढं चालतानाही तुटेल.’

‘पण आजवर तुटली नाही,’ गोजरी म्हणाली.

पांडबा पुढे आला आणि अडखळत म्हणाला, की पाळ्या घासतात तेव्हा अर्धे ओझे त्याच अंगावर घेतात, म्हणून मागे येताना भार कमीच असतो. त्याचे कुणी ऐकले नाही. सगळ्यांची नजर हैबतीवर होती. हैबतीची नजर धोंड्यावर होती.

‘माझ्याच्यानं होणार नाही,’ तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक कुणी ऐकला नव्हता. ‘धुरपा, तो खाली येताना मला बघवणार नाही.’

तड्याची बातमी कळल्यावर प्राणी अधिकच जोराने चालू लागले, जणू चक्रीच्या पुढे निघून जायचे होते. तिसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, जीभ पडली आणि टक असा आवाज आलाच नाही. लाकूड फुटल्याचा आवाज आला. चक्रीचे दोन तुकडे झाले, जीभ खुंटासकट उपटून भिंतीवर आदळली, आणि दांडा उलटा फिरला. दांड्याच्या मागच्या बाजूची दोन रानडुकरे चेंगरली. अस्वल फेकले गेले. मग दांडा थांबला.

हैबतीने त्याला छाती दिली होती. त्याचे पुढचे पाय जमिनीत वीतभर रुतले होते, मान ताठ झाली होती, डोळ्यांत रक्त उतरले होते. धोंडा वर हेलकावत होता. दोर गुहेच्या तोंडावर करकरत पुढे मागे होत होता.

‘लागा,’ हैबती दातांतून म्हणाला.

उरलेले सगळे त्याच्या शेजारी येऊन दांड्याला लागले. ओझे त्यांच्यावर तोलले गेले. कुणी पुढे जाईना, कुणी मागे येईना.

पांडबाने काहीच करून पाहायचे बाकी ठेवले नाही. दांडा झाडाला बांधून पाहिला, तर झाडच मुळांसकट कलू लागले. दांड्याखाली दगड रचले, त्यांचा भुगा झाला. भिंतीला टेकवलेली नवी चक्री तो दोनदा ओढत रहाटापर्यंत आणून परत घेऊन गेला. धोंडा खाली आल्याशिवाय ती बसत नव्हती. शेवटी तो दांड्याशी जाऊन आपला लहानसा खांदा लावून उभा राहिला.

मग दोन तुकड्या ठरल्या. अर्धे उभे राहत, अर्धे जरा निजत. हैबतीला पाळी नव्हती, कारण तो सुटला असता तर त्याच्या जागी उभा राहील असे कुणी नव्हते. तो उभ्यानेच डुलकी घेई. जीभ नुसती धरून होती तेव्हा तिला काही लागत नव्हते. हैबती काहीही न हलवता उभा होता आणि त्याचे अंग घामाने न्हात होते, वाफाळत होते, वितळत होते. त्याला दिवसातून पाच वेळा चारा लागू लागला. सावलीसाठी साठवलेले सगळे वाळके गवत त्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या तोंडी गेले. जे उभे राहू शकत नव्हते त्यांना झाडाची साल मिळाली. त्यांतले थोडे उरले.

आणि मग सावली उठली. या वेळी ती वेळेवर उठली, एक दिवसही लांबली नाही. ऊन दांड्यावर पडले, वाकलेल्या पाठींवर पडले. धोंडा कड्याच्या माथ्याला जवळजवळ टेकलेला होता, उन्हात चकाकत होता. पूर्वी कधी तो इतका उंच गेला नव्हता.

गवत फुटल्यावर आणि अंगात थोडे बळ आल्यावर धुरपा हैबतीपाशी गेली. तिला आता काही काम उरले नव्हते.

‘आता तरी,’ ती म्हणाली. ‘ऊन आहे. एक पाऊल मागं टाकून बघू. नुसतं एक.’

 हैबतीने डोळे मिटले आणि होकार दिला.

सगळे दांड्याला लागले. धुरपाही लागली. तिने मोजले, आणि सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागे टाकले. जमिनीखाली पाळ्या फिरल्या. वर्षभर त्या फिरल्या नव्हत्या, त्यामुळे त्या किंचाळल्या. गोजरी भुंकली. कुणी तरी ओरडले, सुटला. हैबतीने डोळे उघडले आणि सगळ्या ताकदीनिशी पुढे रेटले. एक पाऊल गेले होते, ते परत आले.

काहीच सुटले नव्हते. पाळ्यांनी भार घेतला होता. हे धुरपाला कळले, कारण तिच्या तळपायांखालची जमीन कोमट झाली होती. कितीतरी महिन्यांनी ती कोमट लागली. तिने तसे सांगितले. पण किंचाळी सगळ्यांनी ऐकली होती, आणि पाऊल टाकताना सगळ्यांचे पाय आखडून आल्यामुळे जमीन कुणाला जाणवली नव्हती.

‘पुन्हा एकदा,’ धुरपा म्हणाली.

‘नाही,’ हैबती म्हणाला. ‘माझ्या पायांना मागं चालणं आठवत नाही, धुरपा. आत्ता टाकलं ते मी टाकलं नाही, तुम्ही ढकललंत.’

त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. हळूहळू खोऱ्याची घडी तशीच बसली. पहाटे निम्मे प्राणी कुरणांवर जात, गवत कापत, पेंढ्या बांधून रहाटापाशी आणत. जवळचे गवत संपले तसे ते लांबून आणावे लागे. येताना आणि जाताना प्राणी स्वतः फारसे खात नसत, कारण पेंढ्या वेळेवर पोचायच्या असत. जे दांड्याशी होते ते खात, घाम गाळत, जागच्या जागी उभे राहत. धोंडा बोटभरही वर जात नव्हता आणि बोटभरही खाली येत नव्हता. नवीन जन्मलेल्या पिल्लांना वाटे, हैबती हा रहाटाचाच एक भाग आहे. ती त्याच्या पायांवरून उड्या मारत. त्याच्या खुरांभोवती शेवाळ धरले होते.

पेंढ्या भरवण्याचे काम धुरपाने आपणहून घेतले. कुणाला भूक लागली आहे, कुणाचा श्वास लागतो आहे, हे तिला आवाजावरून कळे. भर उन्हाळ्यात एका दुपारी ती हैबतीसमोर पेंढी ठेवून दुसरी आणायला वळली, तेवढ्यात तिच्या मागे गवत कुरतडल्याचा आवाज आला. तो हैबतीचा नव्हता.

गोजरीचे पाडस होते. त्या वसंतात जन्मलेले, पाठीवर अजून ठिपके असलेले. गोजरीला दूध पुरेसे उतरत नव्हते. पाडसाचे पाय काटक्यांसारखे झाले होते. त्याने पेंढीतली एक हिरवी काडी ओढून तोंडात घेतली होती आणि ते डोळे मिटून चावत होते.

धुरपाने आधी वर पाहिले.

मग ती पाडसाजवळ बसली, त्याच्या तोंडातून ती काडी हळूच काढून घेतली, पेंढीत सारखी लावली, आणि पेंढी उचलून हैबतीच्या तोंडाशी धरली.